आल्बेर काल्मेत

लेआँ शार्ल आल्बेर काल्मेत (१२ जुलै १८६३ – २९ ऑक्टोबर १९३३) हे फ्रेंच वैद्य, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. क्षयरोगावरील बीसीजी या लशीतील मधले अक्षर त्यांच्या आडनावाचे आहे आणि सर्वसामान्य वाचकाला त्यांची ओळख असते ती या लशीमुळेच. मात्र त्यापूर्वी जवळजवळ तीन दशके त्यांनी सर्पविषावरील पहिल्या परिणामकारक उपचाराचा, म्हणजे घोड्याच्या रक्तापासून तयार केलेल्या प्रतिविषाचा, पाया घातला होता. सर्पदंशावर आजही प्रतिविष हाच एकमेव विशिष्ट उपचार आहे. एका जातीच्या नागाच्या विषावर तयार केलेले प्रतिविष सर्वच विषारी सापांवर चालेल, असा काल्मेत यांचा समज होता. तो चुकीचा ठरला आणि ती चूक सिद्ध करणाऱ्या प्रयोगांपैकी काही मुंबईत झाले.

प्रारंभीचे जीवन

काल्मेत यांचा जन्म फ्रान्समधील नीस येथे झाला. वडील शासकीय सेवेत होते. थोरले बंधू एमील सैन्यात वैद्य होते, तर दुसरे बंधू गास्तों पुढे ल फिगारो या वृत्तपत्राचे संपादक झाले. आल्बेर यांना लहानपणापासून नौदलात अधिकारी व्हायचे होते. परंतु विषमज्वराच्या आजाराने त्यांच्या ऐकण्यावर परिणाम झाला आणि तो मार्ग बंद झाला. समुद्राची ओढ मात्र कायम राहिली. १८८१ मध्ये त्यांनी ब्रेस्त येथील नौदलाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला.

नौदलातील वैद्य म्हणून त्यांची पहिली नेमणूक पूर्व आशियात झाली. हाँगकाँग येथे त्यांचा पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी परिचय झाला. हत्तीरोगाचे जंतू डासांच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी तेव्हा नुकतेच दाखवून दिले होते. काल्मेत यांनी १८८६ मधील आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला. त्यानंतर त्यांनी पश्चिम आफ्रिकेत गाबाँ व काँगो या भागांत, तसेच उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील सें प्येर व मिकेलाँ या छोट्या बेटांवर काम केले. या बेटांवर खारवलेल्या कॉड माशावर लाल डाग पडून माल वाया जात असे. हा डाग सूक्ष्मजीवांमुळे पडतो, हे शोधण्याचे काम त्यांनी कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय केले. १८९० मध्ये ते पॅरिसला परतले आणि पाश्चर संस्थेत एमील रू यांच्या हाताखाली सूक्ष्मजीवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊ लागले.

सायगॉन आणि बाक लिएउचे नाग

फ्रेंच वसाहतींत देवी व पिसाळरोग यांवरील लशींची मोठी गरज होती. समुद्रमार्गे येईपर्यंत लस निकामी होत असल्याने ती तेथेच तयार करणे आवश्यक होते. या कामासाठी लुई पाश्चर यांनी १८९१ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या काल्मेत यांना सायगॉनला (आजचे हो चि मिन्ह शहर, व्हिएतनाम) पाठवले. तेथे त्यांनी स्थापन केलेली प्रयोगशाळा ही पाश्चर संस्थेची फ्रान्सबाहेरील पहिली शाखा होय. देवीची लस ते म्हशीच्या रेडकांवर वाढवत. पिसाळरोगाची लस उष्ण हवेत टिकावी म्हणून सशांचा मज्जाभाग ग्लिसरिनमध्ये ठेवण्याची पद्धत त्यांनी वापरली. तांदळापासून मद्य करताना स्थानिक लोक जे खमीर वापरत, त्यातील बुरशीचाही त्यांनी अभ्यास केला आणि त्यातून पुढे युरोपातील मद्यार्क उद्योगात वापरली गेलेली एक पद्धत विकसित झाली.

सर्पविषाकडे ते वळले ते एका पुरामुळे. ऑक्टोबर १८९१ मध्ये दक्षिणेकडील बाक लिएउ परिसरात पाणी चढले आणि नाग माणसांच्या झोपड्यांमध्ये आसऱ्याला शिरले. एकाच गावात चाळीस जणांना दंश झाला व त्यांपैकी चार जण दगावले. एका स्थानिक गारुड्याने एकोणीस नाग जिवंत पकडले आणि जिल्ह्याच्या प्रशासकाने ते एका पिंपात भरून सायगॉनच्या प्रयोगशाळेकडे रवाना केले. हे नाग फणीवर एकच वर्तुळाकार खूण असणाऱ्या जातीचे होते. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या, फणीवर दहाच्या आकड्यासारखी खूण असलेल्या नागाहून ही जात वेगळी असली तरी ती त्याच प्रजातीत मोडते.

चाळीस जणांपैकी छत्तीस वाचले, ही गोष्ट नीट लक्षात घेण्याजोगी आहे. विषारी साप चावला तरी दर वेळी प्राणघातक मात्रेएवढे विष शरीरात जातेच असे नाही. त्यामुळे कोणताही उपचार केला, अगदी काहीच केले नाही, तरी अनेक रुग्ण बरे होतात. मंत्र, जडीबुटी, विषारी खडा अशा उपायांची कीर्ती जगभर टिकून राहिली ती याच कारणाने. एखादा उपाय खरोखर लागू पडतो की नाही हे ठरवायचे तर विष मोजून द्यावे लागते. काल्मेत यांनी नेमके हेच केले. नागाचे विष काढून ते वाळवणे, त्याचे वजन करणे आणि ससा, गिनीपिग, कोंबडी अशा प्राण्यांना ठरावीक मात्रा देऊन किती वेळात मृत्यू येतो हे नोंदवणे, या कामात त्यांचे सायगॉनमधील पुष्कळ दिवस गेले.

सुरुवातीला त्यांचा भर रासायनिक उपायांवर होता. सुवर्णाचा क्लोराइड क्षार व विरंजक चूर्णाचे द्रावण विषात मिसळले असता विष निष्प्रभ होते, असे त्यांना आढळले. प्राण्यांमध्ये विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करण्याच्या त्यांच्या आरंभीच्या प्रयत्नांना मात्र यश आले नाही. आमांशाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९३ मध्ये त्यांना फ्रान्सला परतावे लागले.

प्रतिविषाचा शोध

दरम्यान युरोपात परिस्थिती बदलली होती. घटसर्प व धनुर्वाताच्या विषाची अल्प मात्रा वारंवार दिलेल्या प्राण्याच्या रक्तरसात (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पेशीरहित द्रवात) त्या विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात, हे एमील फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले होते. सर्पविषाबाबत तसा संकेत आणखी आधीचा आहे. अमेरिकेत हेन्री स्यूअल यांनी १८८७ मध्ये खुळखुळ्या सापाच्या विषाच्या अल्प मात्रा देऊन कबुतरांना विषसहिष्णू केले होते. तथापि ही सहिष्णुता रक्तरसाद्वारे दुसऱ्या प्राण्याला देता येईल, या दिशेने त्यांचे काम पुढे गेले नाही.

पॅरिसला रू यांच्या प्रयोगशाळेत काल्मेत यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. नागाचे विष प्रथम विरंजक द्रावणात मिसळून सौम्य स्वरूपात, मग हळूहळू शुद्ध स्वरूपात व चढत्या मात्रेत सशांना देण्यात आले. अशा सशाचा रक्तरस दुसऱ्या सशाला टोचल्यास तो प्राणघातक मात्रेतूनही वाचू लागला. १० फेब्रुवारी १८९४ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेच्या बैठकीत हे निष्कर्ष मांडले गेले. त्याच बैठकीत सेझार फिझालिक्स व गाब्रिएल बर्त्राँ यांनी युरोपीय व्हायपर सापाच्या विषाबाबत स्वतंत्रपणे केलेले तशाच प्रकारचे संशोधन सादर केले. त्यामुळे शोधाचा मान कोणाचा, यावर पुढे वाद झाला. मूळ तत्त्वाचे श्रेय दोन्ही गटांना सारखेच द्यावे लागते. हे तत्त्व औषधाच्या रूपात कुपीत उतरवून दूरदेशीच्या दवाखान्यांपर्यंत नेण्याचे काम मात्र काल्मेत यांचे आहे.

१८९५ मध्ये ते उत्तर फ्रान्समधील लील या औद्योगिक शहरात नव्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले. तेथे घोड्यांवर प्रतिविषाचे उत्पादन सुरू झाले. नवख्या घोड्याला नागाचे सुमारे २५ मिलिग्रॅम कोरडे विष मारक ठरते. लीलमधील घोड्यांना महिनोन्‌महिने मात्रा वाढवत नेल्यावर ते २ ग्रॅम, म्हणजे त्याच्या ऐंशीपट विष सहज सोसत. अशा घोड्याचे रक्त काढून त्यातील रक्तरस वेगळा केला जाई. रुग्णाला त्यातील १० ते २० घनसेंटिमीटर कातडीखाली टोचावे, अशी त्यांची शिफारस होती. उष्ण प्रदेशांसाठी त्यांनी रक्तरस वाळवून त्याची भुकटीही तयार केली. टोचण्यापूर्वी ती पाण्यात विरघळवायची असे. भारतात आज मिळणारे बरेचसे प्रतिविष याच कारणासाठी भुकटीच्या रूपात असते, कारण ते शीतकपाटाविना टिकते.

१८९६ मध्ये त्यांनी लंडन येथे वैद्यांसमोर प्राण्यांवर प्रात्यक्षिक करून दाखवले. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे वीस हजार मृत्यू नोंदवले जात असल्यामुळे या औषधाबद्दल तेथील शासनाला विशेष उत्सुकता होती. काल्मेत यांचा रक्तरस लवकरच हिंदुस्थानात येऊ लागला.

विशिष्टतेचा वाद

काल्मेत यांची भूमिका अशी होती की सर्व विषारी सापांच्या विषात मृत्यूस कारण होणारा मुख्य घटक एकच असून तो मज्जासंस्थेवर परिणाम करतो. व्हायपर कुळातील सापांच्या दंशानंतर येणारी सूज, रक्तस्राव व ऊतकांचा नाश हे त्यांच्या मते दुय्यम परिणाम होते. मज्जाविषाचा बंदोबस्त केला की रुग्ण वाचेल, म्हणून नागाच्या विषावर तयार केलेला रक्तरस सर्वत्र चालेल, असे त्यांनी प्रतिपादन केले. औषध एकच असेल तर चावलेला साप ओळखण्याची गरज उरत नाही. ही सोय एवढी मोठी होती की त्या मताचा मोह पडणे स्वाभाविक होते.

आक्षेप वेगवेगळ्या खंडांतून आले. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांना हा रक्तरस तेथील टायगर सापाच्या विषापुढे जवळजवळ निरुपयोगी आढळला. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील यांनी तो खुळखुळ्या व बोथ्रॉप्स सापांवर करून पाहिला. प्राणी वाचले नाहीत. म्हणून त्यांनी १९०१ पासून साओ पाउलोजवळील बुतांतान येथे स्थानिक सापांच्या विषावर स्वतंत्र प्रतिविषे तयार करण्यास प्रारंभ केला.

मुंबईत प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (परळ येथील ही संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते) जॉर्ज लँब व विल्यम हॅना यांनी काल्मेत यांच्या रक्तरसाची मोजून परीक्षा घेतली. येथील उष्णतेत साठवलेल्या रक्तरसाची शक्ती कालांतराने घटते, हे त्यांनी १९०१ मध्ये दाखवले. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर होता. नागाच्या विषावर चालणारा हा रक्तरस घोणसीच्या विषावर मात्र चालत नव्हता. घोणसीचे विष टोचलेल्या प्राण्याचे रक्त वाहिन्यांतच गोठून तो मरत असे आणि रक्तरस दिल्याने त्यात फरक पडत नसे. लँब यांनी पुढील काही वर्षांत या विशिष्टतेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत पुढे नाग व घोणस या दोन्ही सापांच्या विषावर परिणामकारक रक्तरस तयार होऊ लागला.

विज्ञानाच्या दृष्टीने वादाचे उत्तर साधे आहे. नागाच्या विषातील लहान रेणू चेता व स्नायू यांच्या संधिस्थानी संदेश अडवतात. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळणे व बोलणे अवघड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस व फुरसे यांच्या विषातील घटक रक्त गोठवणारी यंत्रणा प्रथम उत्तेजित करतात. त्यामुळे रक्तातील फायब्रिनोजेन संपून जाते आणि नंतर रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. घोणसीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होणे हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. एका प्रकारच्या रेणूवर बनलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या प्रकारच्या रेणूला ओळखत नाहीत. काल्मेत यांचे प्रयोग खोटे नव्हते. ते प्रामुख्याने नाग व त्याच्या नातलगांवर झालेले होते आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष त्यांनी फार लांबवर ताणला. मज्जाविषाच्या प्राधान्याचे आपले मत त्यांनी सहजासहजी सोडले नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्पविषावरील बृहद्ग्रंथातही त्याचा पुरस्कार आहे. मात्र व्हायपर कुळातील सापांसाठी त्या त्या प्रदेशातील विषे वापरून बहुविध रक्तरस तयार करण्याची गरज त्यात मान्य केलेली दिसते.

उपचारपद्धतीवरील परिणाम

काल्मेत यांनी त्या काळी सुचवलेल्या उपचारक्रमापैकी बराच भाग आता टाकून देण्यात आला आहे. दंशाच्या वर आवळून बांधणे, जखम छेदणे व ती विरंजक द्रावणाने धुणे हे उपाय आज निषिद्ध मानले जातात, कारण त्यांमुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग व ऊतकांचा नाश वाढतो. रुग्णाला धीर देणे, दंश झालेला अवयव न हलवणे आणि त्वरित रुग्णालयात नेणे एवढेच प्रथमोपचार सांगितले जातात. प्रतिविष कातडीखाली न देता शिरेतून दिले जाते. मात्राही फार वाढली आहे. भारतात विषबाधेची लक्षणे दिसल्यास आरंभी साधारणपणे प्रत्येकी १० मिलिलिटरच्या ८ ते १० कुप्या देतात. लहान मुलालाही मात्रा तेवढीच असते, कारण सापाने सोडलेले विष रुग्णाचे वय पाहून कमी होत नाही.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्रित तयार केले जाते. मुंबईची हाफकिन संस्था हे त्याच्या उत्पादनाचे एक जुने केंद्र आहे. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ही चाचणी कोकणासारख्या फुरसे मोठ्या संख्येने असलेल्या भागातील लहान दवाखान्यातही करता येते. मण्यारीच्या दंशाचे मात्र वेगळे आहे. तो बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटदुखी व पापण्या मिटणे यांवरून तो लक्षात येतो. मण्यारीचे विष चेतातंतूंच्या टोकांनाच इजा करत असल्याने एकदा लुळेपणा आल्यावर प्रतिविषाचा उपयोग मर्यादित होतो. अशा वेळी कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवूनच रुग्णाला वाचवावे लागते.

घोड्याची प्रथिने मानवी शरीराला परकी असल्याने प्रतिविषाच्या स्वतःच्याही गुंतागुंती आहेत. अंगावर गांधी उठणे, रक्तदाब एकाएकी कोसळणे, श्वास कोंडणे अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन जवळ ठेवूनच ते दिले जाते. काही दिवसांनी ताप व सांधेदुखीच्या रूपात रक्तरसव्याधीही संभवते. विशिष्टतेचा प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील काही चापडे व राजस्थानातील सिंध मण्यार यांच्या विषावर हे चार सापांचे प्रतिविष पुरेसे लागू पडत नाही.

लील, महायुद्ध आणि बीसीजी

लीलमधील चोवीस वर्षांत काल्मेत यांचे काम सर्पविषापुरते मर्यादित राहिले नाही. प्लेगवरील रक्तरसाच्या संशोधनात त्यांचा सहभाग होता आणि १८९९ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो शहरात साथ आली तेव्हा ते तेथे गेले. खाणकामगारांमधील अंकुशकृमींचा प्रादुर्भाव आणि सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण हे त्यांचे आणखी दोन विषय होत. १९०१ मध्ये त्यांनी लील येथे क्षयरुग्णांसाठी मोफत दवाखाना सुरू केला.

१९०८ पासून पशुवैद्य कामीय गेरँ यांच्यासह त्यांनी गुरांच्या क्षयाचे जंतू पित्त व ग्लिसरिनयुक्त बटाट्यावर वाढवण्यास सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी नवे संवर्धन करत तेरा वर्षांत २३० संवर्धने झाली आणि जंतूंची रोगकारकता नाहीशी झाली. या काळात १९१४ ते १९१८ पर्यंत लील जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्याच १९१४ मध्ये, युद्धापूर्वी, बंधू गास्तों यांची पॅरिसमध्ये एका मंत्र्याच्या पत्नीने गोळ्या झाडून हत्या केली होती. युद्धाच्या अखेरच्या वर्षी काल्मेत यांच्या पत्नी एमिली यांना इतर नागरिकांसह ओलीस म्हणून जर्मनीला नेण्यात आले. तशाही स्थितीत संवर्धनांची साखळी तुटू दिली गेली नाही. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये काल्मेत पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे उपसंचालक म्हणून रुजू झाले. १९२१ मध्ये, आई क्षयाने दगावलेल्या एका नवजात बालकाला तोंडावाटे ही लस प्रथम देण्यात आली.

अखेरची वर्षे

१९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे बीसीजी दिलेल्या सुमारे अडीचशे बालकांपैकी सत्तरांहून अधिक बालके क्षयाने मरण पावली. दोष काल्मेत यांच्यावर व लशीवर आला. ल्यूबेकच्या प्रयोगशाळेत लशीमध्ये क्षयाचे रोगकारक जंतू मिसळले गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले आणि १९३२ मध्ये तेथील जबाबदार व्यक्तींना न्यायालयाने दोषी ठरवले. लस निर्दोष ठरली, पण या प्रकरणाचा काल्मेत यांच्या मनावर खोल आघात झाला. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

लील येथील एका रुग्णालयाला आणि कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथील एका प्रमुख रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. फ्रेंच सत्ता संपल्यावर सायगॉनमधील रस्त्यांची बहुतेक फ्रेंच नावे बदलण्यात आली. काल्मेत यांच्या नावाचा रस्ता मात्र तेथे आजही आहे.